उन्हाळ्यात घडलेली स्कीपटू आणि कंबरेच्या हाडाचा तडा



या वेळी आरोग्याच्या पानावर एका परदेशी खेळाडूची गोष्ट सांगायची आहे. तिचा खेळ आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. तिचा देश नॉर्वे, जिथे वर्षातले कित्येक महिने जमीन बर्फाखाली असते. मग ही गोष्ट आपल्या वस्तीत कशाला, असे कोणीही विचारील. विचारायलाच हवे.

उत्तर असे की ही गोष्ट एका बाळंतिणीच्या कंबरेची आहे. बाळ झाल्यावर थोड्याच आठवड्यांत तिच्या कंबरेच्या तळाच्या हाडाला तडा गेला. ते बाळ चौदा महिन्यांचे झाले तेव्हा त्याची आई चार सुवर्णपदके जिंकून जगज्जेती झालेली होती. यात चमत्कार काही नाही. तिने काय केले, किती केले आणि कधी थांबली हे सगळे लिहून ठेवलेले आहे, आणि शास्त्रज्ञांनी ते तपासलेले आहे. कंबर, गुडघा, नडगी धरून रोज कामाला जाणाऱ्या आपल्या घरांतल्या माणसांना त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

खेळ कोणता, खेळाडू कोण?

स्की म्हणजे पायाला अडकवायच्या लांब, अरुंद पट्ट्या. टीव्हीवर डोंगरावरून सुसाट खाली घसरत येणारे खेळाडू आपण पाहिलेले असतात. हा खेळ तो नव्हे. याला क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणतात. यात चढ असतो, सपाटी असते, उतारही असतो. चढावर ओढून न्यायला कोणी नसते. दोन्ही हातांत काठ्या घेऊन जमिनीला रेटा द्यायचा, पायांनी ढकलायचे आणि पुढे जायचे. ऑलिम्पिकमध्ये बायकांची सर्वांत लांब शर्यत 2022 पर्यंत 30 किलोमीटरची होती. पोटऱ्या, मांड्या, कंबर, पोट, पाठ, खांदे, दंड, अंगातले सगळे मोठे स्नायू एकाच वेळी राबतात. म्हणून हृदय आणि फुप्फुसांची परीक्षा पाहणाऱ्या सर्वांत अवघड खेळांत याची गणना होते.

आपल्या गोष्टीतली खेळाडू आहे मारित ब्योर्गेन. तिचा जन्म 21 मार्च 1980 चा. ट्रॉन्डहाइम शहराच्या दक्षिणेकडच्या रोग्नेस नावाच्या खेड्यात ती वाढली. 2002 ते 2018 या काळात ती पाच हिवाळी ऑलिम्पिक खेळली आणि तिथे तिने 15 पदके मिळवली. त्यांतली 8 सुवर्ण. ती निवृत्त झाली तेव्हा हिवाळी ऑलिम्पिकमध्ये इतकी पदके जगात दुसऱ्या कोणाच्याही नावावर नव्हती, ना बाईच्या, ना पुरुषाच्या.

बर्फ नसतो तेव्हा काय करतात?

बर्फावरच्या शर्यती नोव्हेंबरला सुरू होतात आणि मार्च-एप्रिलला संपतात. मे महिन्यापासून सरावाचे नवे वर्ष लागते. आता बर्फ वितळलेला असतो, रस्ते कोरडे असतात. मग स्कीपटू घरी बसतात का? उलट खरा सराव याच काळात होतो. स्कीपटू उन्हाळ्यात घडतो, असे त्या खेळात म्हटले जाते.

उन्हाळ्यातला मुख्य सराव रोलर स्कीवर होतो. ही हातभर-दीड हात लांबीची पट्टी असते, पुढे-मागे चाके बसवलेली. ती पायाला लावायची, हातांत टोकदार काठ्या घ्यायच्या आणि डांबरी रस्त्यावर तासन्‌तास जायचे. बहुतेक रोलर स्कींना ब्रेक नसतो. डांबरावर पडले तर कातडी सोलते, मनगट मोडू शकते. म्हणून डोक्यावर हेल्मेट लागते.

दुसरा सराव धावण्याचा. सपाट मैदानापेक्षा जंगलातल्या, दलदलीच्या आणि डोंगराच्या वाटा त्यांना जास्त आवडतात. नॉर्वेत एक खास प्रकार आहे. हातांत काठ्या घेऊन चढावर लांब लांब ढांगा टाकत उड्या मारत जायचे. तिथल्या जंगलात एल्क नावाचे मोठे सांबरासारखे जनावर असते. ते चढ चढते तसे हे दिसते म्हणून त्याला एल्कच्याच नावाने ओळखतात. याशिवाय सायकल आणि वजनाचे व्यायाम. पोट आणि पाठ बळकट करण्यावर विशेष भर असतो, कारण काठीचा सगळा रेटा तिथूनच येतो.

इथे एक बाब ध्यानात घ्या. एकाच उन्हाळ्यात शरीराला चार-पाच प्रकारची कामे दिली जातात. आज धावणे, उद्या चाके, परवा सायकल. एकाच हाडावर, एकाच सांध्यावर रोज तोच मारा होत नाही. दुखापत टाळण्याची पहिली युक्ती ही.

शंभर तासांतले ब्याण्णव तास हळू

मारितने सतरा वर्षांच्या सरावाची नोंद ठेवली होती. 2017 साली नॉर्वेतल्या संशोधकांनी ती नोंद अभ्यासून प्रसिद्ध केली. गुरो स्ट्रॉम सोल्ली या संशोधिका त्यांत प्रमुख होत्या, आणि त्या स्वतःही स्कीपटू होत्या. त्या अभ्यासातले आकडे प्रत्येक धावणाऱ्या मुलाने आणि मुलीने पाहण्यासारखे आहेत.

मारित विशीत होती तेव्हा ती वर्षाला 522 तास सराव करत असे. पस्तिशीला आली तेव्हा हा आकडा 940 तासांवर गेला. वाढ मोठी दिसते. पण ती पंधरा वर्षांत झाली आहे. भागाकार करून पाहा. सरासरीने दर वर्षी आठवड्यामागे जेमतेम अर्धा तास वाढतो. जगातली सर्वांत यशस्वी स्कीपटू एवढ्या सावकाशीने वाढत गेली.

दुसरा आकडा याहून बोलका आहे. तिच्या सर्वांत यशाच्या पाच वर्षांत ती वर्षाला सरासरी 937 तास सराव करत होती. म्हणजे आठवड्याला साधारण 18 तास, आणि एका वेळी पावणेदोन तास. दम वाढवणाऱ्या सरावाचा 92 टक्क्यांहून अधिक भाग कमी जोराचा होता. अगदी धाप लागेल, छाती भरून येईल असा सराव 5 टक्क्यांच्याही आत.

कमी जोराचा म्हणजे किती? सोपी परीक्षा आहे. चालताना किंवा धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. वाक्य तुटत असेल तर जोर जास्त झाला. खेळाडू मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके मोजतात, कानाच्या पाळीतून किंवा बोटातून रक्ताचा थेंब काढून तपासतात. आपल्याला तोंड आहे, तेवढे पुरते.

हळू सरावाने काय साधते? हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते. स्नायूंत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते. स्नायूंच्या पेशींत प्राणवायू वापरून शक्ती तयार करणाऱ्या जागा वाढतात. हे बदल आठवडे आणि महिने घेतात. आणि हळू सराव केला की दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून सराव करता येतो. रोज जीव तोडून धावणारा माणूस आठ दिवसांत लंगडू लागतो, आणि मग पंधरा दिवस घरी बसतो. वर्षाअखेरीस कोणाचे तास जास्त भरतील?

बाळ आणि तडा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. 2015 साली मारित गरोदर होती. तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती. तिने सराव सोडला नाही, पण बदलला. धाप लागणारे जोराचे सराव तिने अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतच थांबवले. हळू आणि मध्यम सराव पहिले सहा महिने बऱ्याच अंशी चालू ठेवला. शेवटच्या तीन महिन्यांत तोही बराच कमी केला. 26 डिसेंबर 2015 रोजी तिला मुलगा झाला. तो संपूर्ण हिवाळा ती शर्यतींपासून दूर होती.

बाळंतपणानंतर तिने हलकी हालचाल सुरू केली. आणि पहिल्या काही आठवड्यांतच कंबरेच्या तळाशी दुखणे सुरू झाले. पाठीचा कणा जिथे कटीच्या हाडांना मिळतो, तिथल्या हाडाला बारीक तडा गेला होता. डॉक्टर याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

यावर काय झाले ते पाहा. तिने दात-ओठ खाऊन धावणे चालू ठेवले नाही. आणि अंथरूणही धरले नाही. त्या हाडावर शरीराचे वजन आदळेल असा सराव कमी केला. जे हाडाला झेपेल, दुखणे वाढवणार नाही, तेवढे चालू राहिले. हाड सांधत गेले तसतसा भार पुन्हा थोडा थोडा वाढवला. मग 2016 चा उन्हाळा आला. पुन्हा रोलर स्की, पुन्हा चढ, पुन्हा बरेचसे हळू तास. जोराचा सराव सर्वांत शेवटी परतला.

नोव्हेंबर 2016 मध्ये ती शर्यतीत उतरली. फेब्रुवारी-मार्च 2017 मध्ये फिनलंडच्या लाहटी शहरात जागतिक स्पर्धा झाली. तिथे मारितने चार सुवर्णपदके जिंकली. पुढच्या वर्षी दक्षिण कोरियातल्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये पाच पदके मिळवली. शेवटच्या दिवशी 30 किलोमीटरची शर्यत तिने दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा जवळजवळ दोन मिनिटे आधी संपवली. तेव्हा ती सदतीस वर्षांची होती आणि घरी दोन वर्षांचा मुलगा होता.

हाडाला असा तडा का जातो?

हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असते. रोजच्या भाराने त्यात सूक्ष्म झिजा होतात. शरीर जुना, झिजलेला भाग काढून टाकते आणि तिथे नवा भरते. घराच्या भिंतीचा जुना गिलावा खरवडून नवा लावावा, तसे हे काम आयुष्यभर चालते. अडचण एवढीच की खरवडणे लवकर होते आणि नवे भरायला कित्येक आठवडे लागतात. या मधल्या काळात भार एकदम वाढला तर भरण्याआधीच तिथे बारीक फट पडते. पडझड नाही, अपघात नाही, तरी तडा जातो.

पोटाला कमी पडत असेल तर हा धोका वाढतो. कष्ट जास्त आणि खाणे कमी झाले की शरीर काटकसर करू लागते, आणि त्या काटकसरीत हाडांची दुरुस्ती मागे पडते. कष्ट करणाऱ्या मुलीची पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर ती याच काटकसरीची खूण असू शकते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या प्रश्नाकडे खेळाडूंचे आणि प्रशिक्षकांचे लक्ष वेधले. अंगावर पाजणाऱ्या आईच्या हाडांतले कॅल्शियमही काही काळ कमी होते. बाळाचे पाजणे सुटल्यावर ते बहुतेक वेळा भरून निघते. पण तोवर तिच्या हाडांवर एकदम मोठा भार टाकणे योग्य नाही.

वेदना सोसणे म्हणजे शौर्य का?

याच खेळातली आणखी एक घटना सांगितली पाहिजे, कारण तिचे कौतुक जगभर झाले. 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये स्लोव्हेनियाची पेत्रा माइदिच शर्यतीआधी अंग गरम करत होती. वळणावर ती घसरली आणि सुमारे तीन मीटर खोल घळीत पडली. तिच्या बरगड्या मोडल्या होत्या. तरी ती त्या दिवसाच्या सगळ्या फेऱ्या धावली आणि कांस्यपदक जिंकले. नंतर समजले की फुप्फुसाभोवती हवा भरली होती. पदक घ्यायला ती चाकांच्या खुर्चीतून आली.

पेत्राचे धैर्य मोठेच. पण फुप्फुसाशेजारी मोडकी बरगडी घेऊन धावण्यात जिवाला धोका होता. त्या स्पर्धेतली तिची वाटचाल तिथेच संपली. असा दिवस खेळाडूच्या आयुष्यात एखादाच येतो. आपण मात्र घराघरांत हीच सवय लावून घेतली आहे. बाई कंबर धरून भांडी घासते आणि आपण म्हणतो, काय सोशीक आहे! माणूस सुजलेल्या गुडघ्याने पोती वाहतो आणि आपण म्हणतो, दमाचा आहे! सोसणे हा उपचार नाही. मारितचा मार्ग टाळ्या मिळवणारा नव्हता. वेळेवर थांबणे आणि हळूहळू परतणे कोणाला टीव्हीवर दिसत नाही. पण हाड त्यानेच सांधले.

भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींसाठी

आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले-मुली पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. जाहिरात निघाली की एकदम सराव सुरू होतो. रोज घड्याळ लावून, रोज पूर्ण जोराने, झिजलेल्या बुटांनी, डांबरावर. तीन-चार आठवड्यांत नडगी दुखू लागते. मग कोणी तेल चोळून देतो, कोणी मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतो, आणि पोरगा पुन्हा धावतो. भरतीच्या दिवशी तो लंगडत असतो.

मारितच्या वहीतून या मुलांनी चार गोष्टी घ्याव्यात. एक, जाहिरातीची वाट न पाहता वर्षभर थोडे थोडे धावा. दोन, आठवड्यातले बहुतेक दिवस बोलता येईल अशा वेगाने धावा. घड्याळ लावून जोराने धावायचे ते दोनच दिवस, आणि त्या दोन दिवसांत किमान एक दिवसाचे अंतर ठेवा. एक दिवस पूर्ण सुट्टी. तीन, मातीचे मैदान मिळत असेल तर डांबर टाळा. चार, दुखणे दाबण्यासाठी गोळी घेऊन धावू नका. वेदना हा शरीराचा निरोप आहे. निरोप बंद केला म्हणून बिघाड बंद होत नाही.

साधे दुखणे की तडा?

नव्या कष्टानंतर अंग दुखणे स्वाभाविक आहे. ते सहसा दोन्ही पायांत असते, पसरलेले असते, आणि दोन-तीन दिवसांत उतरते. हाडाचे दुखणे वेगळे असते. बोटाच्या टोकाने दाखवता येईल अशा एकाच जागी ते असते. भार टाकला की वाढते. सुरुवातीला विश्रांतीने थांबते, पुढे बसल्या जागी आणि रात्रीही दुखते. असे दुखणे आठवडाभर टिकले तर डॉक्टरांना दाखवा. आणखी एक माहिती लक्षात ठेवा. असा बारीक तडा पहिल्या काही आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही, असे बऱ्याचदा होते. एक्स-रे चांगला आला तरी दुखणे चालूच असेल तर पुन्हा जा, आणि दुखणे थांबलेले नाही हे स्पष्ट सांगा.

पुढची लक्षणे असतील तर एक दिवसही थांबू नका. पायात बधिरपणा किंवा लुळेपणा, लघवी-शौचावर ताबा न राहणे, पडल्यानंतर पाय टेकवताच न येणे, सांधा लाल होऊन ताप येणे, मार लागल्यावर श्वास घेताना छातीत दुखणे, एकाच पोटरीला सूज येऊन ती गरम लागणे. बाळंतिणीला यांतले काहीही झाले, अंगावरून जास्त जाऊ लागले किंवा ताप आला तर लगेच रुग्णालय गाठा.

मुरगळले, लचकले तर पहिले दोन-तीन दिवस त्या भागाला जपा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. ताज्या मारावर जोराने चोळू नका, ओढून हाड बसवण्याच्या फंदात पडू नका. नंतर झेपेल तशी हालचाल सुरू करा. मापासाठी एक ठोकताळा वापरता येतो. अजिबात दुखत नाही म्हणजे शून्य आणि सहन होत नाही म्हणजे दहा धरा. लचकलेल्या स्नायूची किंवा सांध्याची हालचाल करताना दुखणे तीनच्या आत राहिले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरले, तर चालले आहे ते ठीक आहे. सकाळी जास्त दुखले तर काल जास्त झाले. आज कमी करा. हाडाला तडा असल्याचा संशय असेल तर मात्र हा ठोकताळा वापरू नका. तिथे भार किती टाकायचा ते डॉक्टरच सांगतील.

बाळंतिणीची विश्रांती कोणाच्या हातात?

आता एक सरळ प्रश्न. मारितकडे डॉक्टर होते, प्रशिक्षक होता, आणि ती थांबली म्हणून चूल विझणार नव्हती. धुण्याभांड्याला जाणारी, बांधकामावर घमेली वाहणारी आपली बहीण थांबली तर त्या दिवसाची मजुरी जाते. हा फरक झाकून तिला नुसते ‘विश्रांती घे’ म्हणणे सोपे आहे.

तरीही काही गोष्टी घराच्या हातात असतात. सव्वा महिना झाला की बाई कामाला मोकळी, असे आपल्याकडे धरले जाते. हाडाला तिथी कळत नाही. जगातल्या सर्वांत तगड्या खेळाडू बाईचे हाडही बाळंतपणानंतरच्या त्या पहिल्या आठवड्यांत तडकले, हे सासूबाईंनी आणि नवऱ्याने लक्षात घ्यावे. पाण्याचे हंडे, गॅसचे सिलिंडर, ओल्या गोधड्या पिळणे, मोठ्या मुलाला कडेवर घेऊन जिने चढणे, ही कामे निदान काही महिने घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी घ्यावीत. बाईने पडून राहावे असे नाही. थोडे चालणे, हलका व्यायाम, रोज थोडी वाढ, हे चांगलेच. तीन-चार घरची कामे करणारी असेल तर पहिल्यांदा एकच घर धरावे, मग दुसरे. सगळे एका दिवशी धरू नये.

खाण्यातही वाटणी हवी. सगळ्यांचे झाल्यावर उरले-सुरले खायचे, ही रीत बाळंतिणीच्या हाडांना परवडणारी नाही. नाचणीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, तीळ, अंडी, सुकट, जमेल तसे दूध किंवा ताक, पालेभाजी. महाग टॉनिकची गरज नाही. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने सरकारी केंद्रातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मोफत मिळतात. आशाताईंकडे मागा. दोन्ही गोळ्या एकाच वेळी घेऊ नका, मध्ये काही तास जाऊ द्या. रोज थोडा वेळ अंगावर ऊन घ्या.

मन खचते तेव्हा

दुखापतीत हाडाइतकेच मनही दुखते. रोजचे काम सुटले की माणसाला आपण निरुपयोगी झालो असे वाटू लागते. चिडचिड होते, झोप उडते, बोलणे कमी होते. अशा माणसाला ‘काही होत नाही, ऊठ’ म्हणू नका आणि त्याला कोपऱ्यातही टाकू नका. बसून करता येईल असे काम द्या. भाजी निवडणे, मुलांचा अभ्यास घेणे, घरचा हिशोब लिहिणे. आज दहा पावले, पुढच्या आठवड्यात वीस, असे छोटे माप ठरवा आणि ते पुरे झाले की बोलून दाखवा. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली तर त्यासाठीही डॉक्टर असतात, आणि तिथे जाण्यात लाज नाही.

एक वही आणा

शेवटी मारितची सवय आपण उचलू. तिने सतरा वर्षे रोजचा हिशोब ठेवला म्हणून काय मानवले आणि काय नाही, हे कळू शकले. आपल्याला तेवढे नको. दहा रुपयांची वही पुरे. घरात कोणाचे काही दुखत असेल तर रोज तीन ओळी लिहा. कुठे दुखले, कोणत्या कामाने वाढले, दहापैकी किती. लिहिता येत नसेल त्यांच्यासाठी शाळेत जाणाऱ्या मुलीने लिहावे. दोन आठवड्यांनी ती वही घेऊन दवाखान्यात जा. रांगेत दोन तास उभे राहून डॉक्टरांसमोर दोन मिनिटे मिळतात, आणि त्या दोन मिनिटांत ‘सगळीकडेच दुखतंय’ एवढेच तोंडातून निघते. वही पुढे ठेवली तर त्या दोन मिनिटांत बरेच काम होते.